शाळेत काउन्सेलर म्हणून लागताय? आधी रद्दी जमवा

सीबीएसईच्या २०१८ च्या अफिलिएशन नियमांत काउन्सेलर नेमायची अट आहे, त्यामुळे बडोद्यात आता बऱ्याच शाळांतून ही पोस्ट निघते, आणि सायकॉलॉजी करून नुकत्या बाहेर पडलेल्या मुली हमखास एकच विचारतात, ताई, अ‍ॅक्टिव्हिटीज कुठल्या घ्यायच्या, पीडीएफ आहे का? अगं पीडीएफ ढिगाने मिळतील नेटवर. खरं काम अ‍ॅक्टिव्हिटी संपल्यावर सुरू होतं आणि ते कुठल्याच पीडीएफमध्ये धड लिहिलेलं नसतं.

मुलाला समोर बसवून "बोल बेटा, काय झालं" म्हटलं की ते "कुछ नहीं मॅम" म्हणून मोकळं. आपल्या मराठी घरातली पोरंसुद्धा शाळेत गुजराती नाहीतर हिंदीतच बोलतात, घरचं काही सांगायची वेळ आली की मग मध्येच मराठी येते, ती येऊ द्यायची, भाषा सुधारत बसायचं नाही. हातात काहीतरी द्यायचं, नजर खाली गेली की तोंड आपोआप उघडतं. त्यासाठी महागडं किट मागवायची गरज नाही. जुने पेपर, लग्नपत्रिका, डिंक, क्रेयॉन, थोडी माती, बास. रावपुऱ्यात एक चक्कर मारली तरी सगळं मिळतं.

माझी आवडती अ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे आठवड्याचे सात चौकोन. कागदावर सात चौकोन आखायचे आणि प्रत्येक वाराला वाटेल त्या रंगाचे कपटे फाडून चिकटवायचे, कात्री नाही, फाडायचंच, फाडताना हात सैल होतो. सातवीतली एक मुलगी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) सगळे वार पिवळे, हिरवे करून बसली आणि रविवार मात्र काळाकुट्ट, वर अजून एक थर. नवीन माणसाच्या डोक्यात इथे लगेच सिनेमा सुरू होतो, घरात भांडणं असतील, वडील पीत असतील. तसलं काही नाही ठरवायचं. मी एवढंच म्हटलं, "रविवार सकाळपासून सांग ना." ती चिकटवता चिकटवता सांगत गेली, सकाळी पोहे, मग पप्पा गाडी धुतात, मग दुपारी काका-काकू येतात आणि सगळ्यांच्या देखत क्लासच्या टेस्टचे मार्क वाचले जातात, तिचे आणि चुलतभावाचे. एवढंच होतं ते काळं. पुढे आईला बोलावून हा कार्यक्रम बंद करायला सांगितला, अर्थात मुलीला आधी विचारून.

म्हणून चित्राचे अर्थ लावू नका. घर-झाड-माणूस ही चाचणी जॉन बक यांनी १९४८ मध्ये मांडली, ती प्रशिक्षित माणसाने इतर माहितीबरोबर वापरायची असते, आणि लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात की झाडाला भोक काढलं म्हणजे ट्रॉमा! आपण डायग्नोसिस करणारे नाही, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन लागतं, आपल्याला नसेल तर ती भाषा वापरायचीच नाही.

'ट्री ऑफ लाइफ' मात्र जरूर शिका, यात मूल झाड काढतं आणि त्याच्या एकेका भागातून स्वतःबद्दल सांगतं. न्काझेलो न्क्यूबे आणि डेव्हिड डेनबरो यांनी आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात, एचआयव्हीमुळे आईवडील गमावलेल्या मुलांबरोबर काम करताना ती घडवली. मुळं म्हणजे आपण कुठून आलो, जमीन म्हणजे रोजचं जगणं, खोड म्हणजे आपल्याला काय येतं, फांद्या म्हणजे स्वप्नं, पानं म्हणजे जवळची माणसं. आमच्याकडे झाड काढा म्हटलं की निम्मी पोरं वड काढतात, मग मी पारंब्यांनाही काम दिलंय, अडचणीत कोणाला धरून लटकशील त्यांची नावं तिथे. कोणाच्या पारंबीवर वॉचमनकाकांचं नाव येतं, कोणाच्या आजीचं. पारंबी एकही नसेल तर त्या मुलाला आठवड्यात पुन्हा भेटायचंच.

दहावी-बारावीवाल्यांना हे सगळं बालिश वाटतं, त्यांना पतंग चालतो. उत्तरायण १४ जानेवारीला आणि बोर्ड त्यानंतर लगेच, ऐन टेन्शनमध्ये. "एक ते दहात किती स्ट्रेस?" असं विचारलं की पाच म्हणून सुटतात. त्याऐवजी मी विचारते, फिरकीत दोरा किती उरलाय? मग, "संपला का नाही अजून, कशामुळे टिकलाय?" हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा, सोल्यूशन-फोकस्ड पद्धतीतला (अडचण उकरण्यापेक्षा काय चालतंय त्यावर भर) आहे, मूल स्वतःच सांगतं की रात्री मित्राशी बोलतो, टेरेसवर जातो वगैरे.

अख्ख्या वर्गाबरोबर एका पिरियडमध्ये खोलात जाऊ नका, कोणी रडायला लागलं तर बाकीच्यांसमोर सांभाळणं अवघड. तिथे चिठ्ठीची पेटी बरी. पण पेटी ठेवली की ती रोज, स्वतः उघडायची, शिपायाला सांगायचं नाही. "जगावंसं वाटत नाही" अशी चिठ्ठी शुक्रवारी पडली आणि तुम्ही सोमवारी वाचलीत तर त्या पेटीचा उपयोग काय? आणि अशी चिठ्ठी निनावी ठेवून चालत नाही, अक्षरावरून मूल शोधायचं, हे मुलांना आधीच सांगून ठेवायचं. त्याच दिवशी पालक, मुख्याध्यापक, गरज पडली तर डॉक्टर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ भिंतीवर मोठ्या अक्षरात असू दे. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, "कोणाला सांगणार नाही" असं वचन म्हणूनच पहिल्या भेटीत द्यायचं नाही.

चित्रं मुलाची, सॉफ्टबोर्डवर लावायची नाहीत, अ‍ॅन्युअल डेला तर नाहीच, मॅनेजमेंट मागेल, नाही म्हणायचं. आणि इंटरव्ह्यूलाच दोन गोष्टी विचारून घ्या: बंद दाराची खोली मिळणार का, आणि रजेवरच्या टीचरचे पिरियड तुमच्या गळ्यात पडणार का. सकाळी वर्गावर ओरडलेली मॅम दुपारी पारंब्यांबद्दल विचारायला लागली की पोरं सरळ कोरा कागद परत करतात.