दुधाचे दात: पालकांनी या चुका टाळाव्यात

लहान मुलांच्या दातांवर उपचार करताना रोज कानांवर पडणारे आणि पालकांना सर्वांत महाग पडणारे वाक्य म्हणजे, ‘पडणारच आहेत ते दात, त्यांच्यावर खर्च कशाला?’ पुढचे दात सहा ते आठ वर्षांच्या वयात पडतात हे खरे. परंतु मागच्या दुधाच्या दाढांना १० ते १२ वर्षांपर्यंत चावण्याचे काम करायचे असते आणि कायमच्या दातांची जागाही राखायची असते.

माझ्याकडे साडेतीन वर्षांच्या एका मुलाला आणले, तेव्हा त्याचे वरचे पुढचे चारही दात हिरडीपर्यंत किडले होते आणि दोन दाढांची कीड नसेपर्यंत पोहोचली होती. तो दीड वर्षाचा असतानाच हिरडीलगतचे पांढरे पट्टे, म्हणजे किडीची पहिली खूण, आईच्या लक्षात आले होते, पण ‘दात पडणारच आहेत’ असे सांगून घरच्यांनी तिला थांबवले आणि रात्रीची साखर घातलेल्या दुधाची बाटली चालूच राहिली. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांवरचे गोड दूध धुऊन जात नाही आणि जिवाणू त्यापासून आम्ल तयार करत राहतात. अखेर पूर्ण भूल देऊन चार दात काढावे लागले व दोन दाढांची नस साफ करून स्टीलच्या कॅप बसवाव्या लागल्या. भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, तपासण्या आणि आईवडिलांचा बुडालेला रोजगार यांच्या शेजारी पेस्टचा हिशेब मांडून पाहावा: तीन वर्षांखालील मुलाला एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे सुमारे ०.१ ग्रॅम पेस्ट लागते, आणि दोन वेळा घासूनही ५० ग्रॅमची ट्यूब आठ महिने पुरते.

ही पेस्ट किडीपासून दात वाचवणाऱ्या फ्लुओराइडची, शक्यतो १००० पीपीएमची (पेस्टच्या दहा लाख भागांत फ्लुओराइडचे हजार भाग) असावी. नुसते ‘मुलांसाठी’ असे छापलेले पाहून घेऊ नये. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लुओराइड जास्त असल्याने तेथे आधी दंतवैद्यांना विचारावे.

चोखणी मधात बुडवून कधीही देऊ नये.

फ्लुओराइड वार्निश (दंतवैद्य दातांवर लावतात तो फ्लुओराइडचा लेप) एकदा लावून ब्रश सोडून देणाऱ्या उतावळ्या पालकांचे पैसे वाया जातात, कारण ते दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा लावावे लागते आणि घासण्याची जागा घेत नाही. धोका कमी असलेल्या मुलासाठी मी त्याचा आग्रह धरत नाही. पांढरे पट्टे असलेल्यासाठी मात्र धरतो.

महिन्यातून एकदा उजेडात मुलाचा वरचा ओठ उचलून पाहावे आणि पट्टा दिसल्यास त्याच आठवड्यात दाखवावे, कारण खड्डा पडल्यावर तो कोणत्याही पेस्टने भरून येत नाही.