भिंतीतला पिंपळ बोन्सायसाठी कसा काढावा आणि कसा छाटावा

डोंगरकपारीत वारा, दुष्काळ आणि उपासमार सोसून खुरटलेले झाड खणून आणायचे आणि त्याचे बोन्साय करायचे, या पद्धतीला जपानीत ‘यामादोरी’ म्हणतात. कुंडीत बी पेरून मनगटाएवढे खोड मिळवायला जी वर्षे लागतात, ती अशा झाडाने आधीच काढलेली असतात. मात्र आपल्याकडे त्यासाठी सह्याद्रीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, कुदळ घेऊन जाण्याची गरज नाही, आणि जाऊही नये. वनजमिनीतून झाड उपटणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. शिवाय सड्यावरचे करवंद खडकात खोल सोटमूळ घालून बसलेले असते आणि ते काढताना बहुधा मरतेच. आपल्या शहरातली खरी कपार म्हणजे जुन्या वाड्याची, पडक्या कंपाउंडची किंवा गच्चीच्या कठड्याची भिंत. बुलबुल, साळुंकी, तांबट हे पक्षी वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांची फळे खातात, बी विष्ठेतून भिंतीच्या दरजेत पडते आणि तिथल्या चिमूटभर मातीवर झाड वर्षानुवर्षे तग धरते. ही झाडे एरवी तोडली जातात किंवा मुळाशी रसायन ओतून मारली जातात. ज्या झाडाला तसेही जायचे आहे तेच काढावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम परवानगी घ्यावी. भिंतीच्या मालकाची संमती तर हवीच, पण शहरात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असल्याने, झाड रोप म्हणण्यापलीकडे वाढलेले असेल तर पालिकेच्या उद्यान विभागात आधी विचारून घ्यावे. वाडा पाडायला घेतला असेल तर मुकादमाशी बोलून ठेवावे. पिंपळाला कुऱ्हाड लावायला अनेक गवंडी आणि मजूर मनापासून कचरतात, त्यामुळे झाड जगवण्यासाठी कोणी नेत आहे म्हटल्यावर ते आनंदाने हातभार लावतात.

झाड निवडताना खोडाकडे नव्हे, तर खोड भिंतीत जिथे शिरते तिथे पाहावे. तिथून मुळे दोन-तीन दिशांना फाकलेली दिसत असतील, भिंतीवरून ओघळल्यासारखी खाली उतरली असतील, तर ते झाड सोडू नये. एकच जाड मूळ सरळ आत गेले असेल तर खोड कितीही देखणे असले तरी हाती फारसे काही लागत नाही. जातीचाही विचार करावा. नांद्रुकाची पाने लहान असतात आणि तो छाटणी सहज सोसतो. वडही दणकट आहे. पिंपळाची पाने मोठी, आणि कापलेल्या जागेपासून खाली वाळत जाण्याची त्याला सवय असते, म्हणून त्याच्याबाबतीत अधिक काळजी घ्यावी लागते.

हंगाम ज्येष्ठातला. वटपौर्णिमेच्या आगेमागे हवेत दमटपणा आलेला असतो, झाडात रस चढलेला असतो आणि पुढचे तीन महिने पाऊस आपले निम्मे काम करतो. हिवाळ्यात काढलेली झाडे नुसती बसून राहतात आणि त्यातली बरीच कुजतात.

काढण्याच्या दिवशी छिन्नी, हातोडा, लहान पहार, बारीक दातांची करवत, धारदार सिकेटर (छाटणीची कात्री), ओले गोणपाट, सुतळी आणि पाण्याची बादली जवळ ठेवावी. हातमोजे आणि चष्मा घालावा, कारण या सर्व झाडांचा चीक कातडीला खाजवतो आणि डोळ्यात गेल्यास फार त्रास देतो. आधी सर्व पाने आणि वरच्या फांद्या कापून झाड हलके करावे. मग मुळापासून एक वीट सोडून पलीकडच्या दरजेतला चुना छिन्नीने कोरायला सुरुवात करावी आणि वीट सैल करून मुळाच्या अंगावरून उचलून काढावी. घाई होते ती नेमकी इथे. मी एकदा पिंपळ निम्मा मोकळा झाल्यावर धरून ओढला, तर मुळाची साल मोज्यासारखी सोलून भिंतीतच राहिली आणि हातात पांढरे, गुळगुळीत लाकूड आले. ते झाड जगले नाही. म्हणून झाड ओढायचे नसते, भिंत उकलायची असते. दोन दगडांमध्ये दाबून पट्टीसारखे चपटे झालेले मूळ मिळाले तर ते जपून अखंड काढावे, पुढे बोन्सायच्या बुंध्याला त्याची मोठी शोभा येते. मुळे सहा ते आठ इंचांवर स्वच्छ कापावीत, तंतुमुळे शक्य तितकी राखावीत आणि लगेच ओल्या गोणपाटात गुंडाळावीत.

घरी आल्यावर मुळांत अडकलेला चुना पाण्याच्या धारेने सावकाश धुवावा. फाटलेली टोके सिकेटरने पुन्हा सरळ कापावीत.

आता खोडाची छाटणी, आणि बहुतेकांचा हात इथेच आखडतो. बोन्सायची उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट असावी, असा ठोकताळा आहे. म्हणजे बुंधा दोन इंच जाड असेल तर तयार झाड बारा इंचांचे होईल. पण पहिला काप बारा इंचांवर घ्यायचा नाही. तसे केले तर खालपासून वरपर्यंत सारख्या जाडीचा खुंटा तयार होतो आणि तो दोष पुढे झाकता येत नाही. पहिला काप अंतिम उंचीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे चार इंचांवर घ्यावा, कारण त्यावरचा भाग नव्या फुटव्यातून वाढवला की खोड वर निमुळते होत जाते. प्रत्यक्षात त्या खुणेच्या वर इंचभर लाकूड जास्त ठेवावे, पिंपळ असेल तर दोन इंच. काप वाळला तर या जादा भागात वाळेल. पुढच्या वर्षी जिवंत डोळ्याच्या (अंकुराच्या) वर तिरका काप घेऊन तो तुकडा काढून टाकता येतो. वड, पिंपळ, नांद्रुक पानाविना उरलेल्या खोडातूनही फुटतात म्हणून एवढी खोल छाटणी चालते. पाइन किंवा जुनिपर यांच्यावर ती कधीही करू नये, कारण हिरवा भाग न उरलेली त्यांची फांदी पुन्हा फुटत नाही.

कापातून चीक गळणे थांबेपर्यंत ओल्या फडक्याने टिपावे आणि मग बोर्डोपेस्ट हा बुरशीनाशक लेप लावावा. शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून एकत्र केले की ती तयार होते. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडाचे मुळीच नको. फळबागांत हीच पेस्ट वापरतात.

लागवड बोन्सायच्या ट्रेमध्ये नव्हे, तर भोकाच्या उथळ क्रेटमध्ये करावी. विटांचा तीन ते सहा मिलिमीटरचा चुरा चाळून, धूळ काढून घ्यावा. तो दोन भाग, जाड वाळू एक भाग आणि थोडे कोकोपीट पुरते. शेणखत यात घालू नये, ताज्या जखमा असलेली मुळे त्याने कुजतात. झाड क्रेटला सुतळीने घट्ट बांधावे, कारण खोड हलले की नुकतीच फुटलेली पांढरी मुळे तुटतात. वरून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैल झाकून क्रेट सावलीत, शेडनेटखाली ठेवावी.

चार ते सहा आठवड्यांत खोडावर लालसर डोळे दिसू लागतात. हे फुटवे खोडातल्या साठ्यावरही येतात, तेवढ्यावरून मुळे धरली असे समजू नये आणि झाड हलवून पाहण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. फुटवा पाच-सहा पानांच्या पुढे न थांबता वाढत राहिला, म्हणजे मुळे चालू झाली. त्यानंतर पिशवीला रोज एकेक भोक पाडत आठवडाभराने ती काढावी, आणि पहिली पाने गडद व टणक झाल्यावरच पातळ खत सुरू करावे.

पहिले वर्षभर फांद्यांना वळण देण्यासाठी तार बांधू नये, शेंडे खुडू नयेत. सर्वांत वरचा जोमदार फुटवा पुढचे खोड म्हणून निवडावा आणि त्याला मोकळा वाढू द्यावा. तो खालच्या खोडाच्या निम्म्या जाडीचा झाला, की त्यालाही दोन-तीन इंचांवर कापावे. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर झाड क्रेटमधून काढून मुळे धुवावीत, खाली गेलेली जाड मुळे आखूड करावीत, आडवी पसरलेली राखावीत आणि पुन्हा क्रेटमध्येच लावावे. ट्रेमध्ये नेण्याची वेळ तिसऱ्या पावसाळ्यात येते.