गावातल्या वायफायचा सर्व्हे करताय? या चुका टाळा

ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची, म्हणजे गावोगाव इंटरनेट पोहोचवणाऱ्या सरकारी योजनेची, केबल येते, भिंतीवर वायफायचा डबा लागतो आणि काही महिन्यांनी वरून विचारणा होते: लोक वापरतात का? नसतील तर का नाही? मग घाईघाईत प्रश्नावली छापली जाते आणि तिथेच घोळ होतो.

'इंटरनेट तुम्हाला उपयुक्त वाटते का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. दारात आलेल्याचं मन कोण मोडेल? मत विचारू नका, घडलेलं विचारा. शेवटचं कधी वापरलं, कशासाठी, तेव्हा कुठे बसला होतात? 'महिन्यातून किती वेळा' यावर लोक अंदाज ठोकतात. 'गेल्या बाजारापासून किती वेळा' म्हटलं की बोटं मोजायला लागतात.

शब्दही दगा देतात. एका घरी मी विचारलं, "मावशी, वायफाय वापरता का?" "न्हाई बाबा, तसलं काय येत न्हाई मला." मी 'नाही'वर खूण केली. निघता निघता सहज म्हटलं, पोरगा पुण्यात ना, बोलणं होतं का? "व्हय की! परवाच पंचायतीच्या ओट्यावर बसून नातवाचं तोंड बघितलं. तिथं नेट फुकट येतंय, पुतण्या लावून देतो." खोडून 'हो' केलं.

हा पुतण्या तुमच्या फॉर्ममध्ये आहे का? दुसऱ्याच्या हातून झालेला वापर मोजायचा की नाही, हे छापण्याआधी ठरवा. वारणेचं उदाहरण बघा. १९९८ साली सरकार आणि साखर कारखाना चालवणाऱ्या वारणा सहकारी समूहाने कोल्हापूर-सांगलीकडच्या सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू केला. कीबोर्डला हात ऑपरेटरचा, पण उसाचं वजन आणि बिल बघायला येणारा शेतकरी. 'संगणक वापरता का' विचारलं असतं तर त्याने नकारार्थी मान हलवली असती. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तीच माहिती देऊन पाहिली आणि काम भागलं. म्हणजे ओढ मशीनची नव्हती, स्वतःच्या उसाच्या हिशेबाची होती. 'कशासाठी' हा रकाना म्हणून मोठा ठेवा.

नमुना घेतानाची नेहमीची चूक म्हणजे ऑनलाइन कामं करून देणाऱ्या सेवा केंद्राच्या रांगेतच फॉर्म भरून घेणं. तिथे न वापरणारा भेटणार कसा? गूगल फॉर्मवर नेट न वापरण्याची कारणं विचारणारेही पाहिलेत, त्यांच्याबद्दल काय बोलावं! दुपारी घरं रिकामी, ऊसतोडीच्या हंगामात काही वस्त्यांना कुलूप. शिवाय बाईच्या वाटचं उत्तर नवराच देतो, ते वेगळंच.

'शिकलेले जास्त वापरतात' असा निष्कर्ष निघाला तर थोडं थांबा. डब्याची रेंज ओट्याच्या आसपासच असते. शिकलेल्यांची घरं चौकात आणि बाकीची वस्ती ओढ्यापलीकडे असेल, तर फरक शिक्षणाचा की अंतराचा? आणि ओट्यावर संध्याकाळी बाप्यांची बैठक असेल तर सुना तिथे फोन घेऊन उभ्या राहणार नाहीत. 'महिलांमध्ये जागरूकतेचा अभाव' असं लिहून मोकळं होऊ नका. प्रत्येक फॉर्मवर घर डब्यापासून किती लांब ते लिहा. त्या आठवड्यात वीज आणि इंटरनेटची लाइन किती वेळ बंद होती, तेही वेगळं टिपा. नाहीतर बंद पडलेल्या राउटरचं खापर गावकऱ्यांच्या उदासीनतेवर फुटतं.

'पूर्णतः सहमत, अंशतः सहमत' ही पाच पायऱ्यांची शिडी वयस्क माणसांपुढे टेकवू नका. "रुपयात किती आणे जमतं?" विचारा. "बारा आणे" असं रोखठोक उत्तर येतं.

आणि सर्व्हे झालाय, पण सगळी उत्तरं एका छापाची आलीत? फॉर्म गावानुसार नको, घरोघरी जाऊन ते भरून आणणाऱ्यानुसार लावा. एकाच्याच गठ्ठ्यात सगळे 'समाधानी' आणि एकही रकाना कोरा नसेल, तर त्यातली चार घरं निवडून स्वतः जाऊन या. बहुतेक वेळा तिथे कुणी आलेलंच नसतं. फॉर्म चहाच्या टपरीवर भरलेले असतात.