लिलीला नुसती पानंच येतात? या चुका टाळा

ठाण्या-नवी मुंबईच्या बाल्कनीत अमरिलिस लिलीचा फुलाचा दांडा मार्चमध्ये दिसला नाही, की लोक खत वाढवतात. खरी चूक आधीच्या पावसाळ्यात झालेली असते. या कंदात साधारण दर चार पानांमागे एक कळी आतल्या आत धरते. म्हणून फुलं गेल्यावर पानं छाटू नका. सुकलेला दांडा तेवढा बुडाशी कापा. युरियासारखं नत्राचं खत दिलंत तर पानं माजतात आणि बहार जातो. त्याऐवजी जून-जुलैत 8 इंची कुंडीला मूठभर शेणखत आणि 1 चमचा बोनमील (हाडांचा चुरा) पुरतं. ऊन मात्र रोज 4-5 तास हवंच.

कंद पूर्ण गाडणं ही सर्रास होणारी चूक. मान, म्हणजे पानं फुटतात तो निमुळता भाग, आणि कंदाचा वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर राहू द्या. 2 भाग लाल माती, 1 भाग जाडसर रेती आणि 1 भाग चाळलेलं शेणखत घ्या. आपल्याकडच्या पावसात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलं फडकं गुंडाळल्यासारखं कंदाला धरून बसतं, ते टाळा. जून लागताच कुंडीखालची ताटली काढा.

शंका आली तर मानेजवळ बोटाने दाबून पाहा. कांद्यासारखा घट्ट लागला तर ठीक. मऊ लागला, आंबूस वास आला, तर लगेच उपटा. पांढरा टणक भाग लागेपर्यंत कुजके पापुद्रे सोला. मुळं फुटतात ती बुडाची चकती शाबूत असेल तर कंद वाचतो. बुरशीनाशक लावून 2-3 दिवस सावलीत सुकवा आणि कोरड्या मातीत लावा. सोलताना हातमोजे घाला, कंद विषारी असतो. मांजर-कुत्र्यापासूनही तो लांब ठेवा.

पावसाळ्यात काळ्या, पांढऱ्या-नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या झुंडीने येतात. दोन-तीन दिवसांत पानं फस्त करून त्या मानेत शिरतात. 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल चालतं, पण सर आली की धुऊन जातं. सकाळ-संध्याकाळ पानांची खालची बाजू पाहून अळ्या साबणाच्या पाण्यात टाकणं, हाच भरवशाचा उपाय.

दिवाळीनंतर पाणी न तोडणं, ही शेवटची मोठी चूक. 6-8 आठवडे ताण द्या. इथल्या उबदार थंडीत सगळी पानं गळतीलच असं नाही, तरी ताण सोडू नका. जानेवारीअखेर एकदा भरपूर पाणी द्या, मग कोंब दिसेपर्यंत बेताचंच.

फुटबॉल लिलीची पानं हिवाळ्यात आपोआप जातात. कुंडी रिकामी समजून ती माती दुसरीकडे वापरली, की आतला कंद आणि त्यासोबत एप्रिल-मेमधलं लाल गोळ्यासारखं फूल गेलंच. कुंडीवर नावाची पट्टी लावून ठेवा.

ट्युलिपच्या मोहात शक्यतो पडू नका. त्याला 12-14 आठवडे 5 ते 9 अंशांचा गारवा लागतो. फ्रिजमध्ये सफरचंद-केळ्यांशेजारी ठेवलं तर फळांच्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. त्यातून वाचलंच, तर फेब्रुवारीच्या उन्हात फूल फार टिकत नाही.