उलटा पदर, सीधो पालव आणि आमच्या घरची नऊवारी

मुलाच्या साखरपुड्याच्या सकाळी बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात मोठा आरसा एक आणि नेसायच्या साड्या सोळा. निम्म्या आमच्याकडच्या, निम्म्या सूनबाईंच्या आणंदच्या माहेरच्या. मी एकेकीला पुढ्यात उभी करून नेसवत सुटले होते. सातव्या की आठव्या बाईच्या डाव्या खांद्यावर सवयीनं पदर टाकला, पिना लावल्या आणि मोकळी झाले. तिनं आरशात पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मासी, आ तो ऊंधुं थई गयुं." म्हणजे, हे तर उलटं झालं. सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हापासून कुणालाही नेसवायच्या आधी मी साडी पलंगावर पूर्ण उलगडते आणि विचारते, यातलं काय दाखवायचंय? खांदा त्यावरून ठरतो. पदर जरीनं भरलेला आणि अंग साधं असेल, तर उलट्या पदरात ते सगळं वैभव पाठीवर जातं; फोटोत ते कुणाला दिसणार? तिथे गुजराती सीधो पालव हवा, म्हणजे मागून उजव्या खांद्यावरून पुढे सोडलेला पदर. काठ देखणे असतील तर नऊवारीसारखं दुसरं काही नाही, कारण काठ पायांवरूनही फिरतो आणि पाठीमागेही दिसतो. अंगभर बुट्टे असतील तर नेहमीचा उलटा पदर बरा.

आधी परकराचं बघा. गुजरातीत चणियो म्हणा, नियम तोच: कापड सुती, नाडी घट्ट. सॅटिनच्या परकरावर कुठलीच साडी ठरत नाही. चपला घालूनच नेसायला उभ्या राहा, नाहीतर नंतर टाचा चढवल्या की साडी वर जाते. दुकानातली सहावारी साधारण साडेपाच मीटर असते, ब्लाउजपीस वेगळा. उंच बाईला ते पुरतं, पण निऱ्या कमी येतात. मग पदर जरा आखूड ठेवावा.

उलटा पदर बहुतेकींना येतो, म्हणून थोडक्यात. उजवीकडून खोचायला सुरुवात, एक वेढा, मग पदर डाव्या खांद्यावर नक्की करून पिन, आणि उरलेल्या कापडाच्या पाच-सहा निऱ्या. निऱ्यांची तोंडं डावीकडे. पुष्कळजणी निऱ्या आधी घालतात आणि पदर उरेल तेवढा घेतात. मग पदर कधी गुडघ्याशी, कधी कंबरेशी. शिफॉन असेल तर पदराला बारीक चुण्या न घालता तो एकेरी सोडावा, झुळझुळीत पडतो. शिफॉनची साडी राजघराण्यांत रूढ करण्याचं श्रेय आमच्या बडोद्याच्या इंदिराराजे गायकवाडांना देतात. 1913 साली लग्न होऊन त्या कूचबिहारला गेल्या. माझ्या सासूबाई मात्र शिफॉनला "वाऱ्यावरचं कापड" म्हणायच्या आणि कधी नेसल्या नाहीत.

आता सीधो पालव. पहिला वेढा अगदी तसाच, उजवीकडून डावीकडे, पाठीमागून. पण दुसऱ्यांदा कापड पाठीवर आलं की ते काखेखालून पुढे न आणता मागूनच उजव्या खांद्यावर घ्यायचं आणि छातीवर सोडायचं. पदराचं टोक मांडीच्या मध्यापासून गुडघ्यापर्यंत कुठेही चालेल. त्याहून लांब ठेवलात तर बसताना पायाखाली येतो. खांद्यावर चार-पाच चुण्या धरून पिन लावा, पण त्या छातीवर येताच मोकळ्या करा, म्हणजे पदराची नक्षी पंख्यासारखी उघडते. मग पदराचा आतल्या, म्हणजे डाव्या बाजूचा कोपरा धरून पोटावरून डाव्या कंबरेकडे न्या आणि मागच्या बाजूला खोचा किंवा पिन लावा. हा कोपरा फार ओढू नये. ओढला की खांद्यावरचा भाग गळ्याकडे सरकतो आणि बाई दिवसभर पदर सावरत बसते.

निऱ्या, म्हणजे गुजरातीत पाटली, सर्वांत शेवटी, आणि इथेच आपला मराठी हात चुकतो. त्यांची तोंडं उजवीकडे येतात. सवयीनं डावीकडे वळवल्या तर पदर एकीकडे आणि निऱ्या दुसरीकडे पळतात. मी खोचायच्या आधी स्वतःशीच मोठ्यानं "जमणी", म्हणजे उजवी, म्हणते. हसतात सगळ्या.

लग्नात नवरीला पांढरं, लाल काठाचं पानेतर मामाकडून येतं आणि जरीच्या चौकड्यांचं घरचोळुं सासरकडून. दोन्ही असेच नेसवतात. घरचोळ्याच्या पदराला वजन असतं, म्हणून खांद्यावर एक पिन पुरत नाही. दुसरी आतून, ब्लाउजच्या शिवणीला. पिनेत आधी एक छोटा मणी ओवून घ्या, म्हणजे पिनेच्या वळशात कापड अडकून फाटत नाही. बांधणीवर गरम इस्त्री फिरवू नका, गाठींचे उठाव चपटे झाले की बांधणीत आणि छापील साडीत फरक उरत नाही.

स्कूटरवाल्यांसाठी एक सांगते. सीधो पालव पुढे असतो आणि त्याचा कोपरा कंबरेला खोचलेला असतो, तो मागे उडत नाही. उलट्या पदराचं टोक मात्र पाठीमागून फिरवून पुढे घट्ट खोचल्याशिवाय निघू नका. माझा एकदा मांडवीच्या गर्दीत मागच्या चाकात गेला होता. मी वाचले, पैठणीची वीतभर जर गेली.

नऊवारीची रीत घरोघरी थोडी वेगळी असते, मी आमच्या घरची सांगते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. परकर नाही. आतून आखूड चड्डी किंवा लेगिंग. साडी पाठीमागून कंबरेभोवती घ्या. डाव्या हाताला हातभर टोक, बाकी सगळं उजव्या हाताला. दोन्हीकडच्या वरच्या काठाचा चार-चार बोटं भाग चिमटीत धरून बेंबीवर आवळ गाठ मारा. श्वास आत ओढून मारू नका, जेवण व्हायचंय. लांब बाजू पुढून डावीकडे, पाठीवरून, उजव्या काखेखालून डाव्या खांद्यावर. पदर ठरला की मधल्या कापडाच्या निऱ्या. त्या भरपूर येतात, डावीकडचं आखूड टोकही त्यांतच घ्यायचं. गाठीवर नीट खोचा. मग पाय थोडे फाकून उभ्या राहा, निऱ्यांच्या मधल्या भागाचा खालचा काठ उचला, दोन पायांमधून मागे न्या, चुण्या करा आणि पाठीच्या कण्याच्या रेषेत कंबरेत खोचा. हा कासोटा. दोन्ही पोटऱ्यांवर काठ सारखा आलाय का, ते दुसरीला बघायला सांगा. स्वतःला दिसत नाही.

शिवलेल्या नऊवारीला माझी ना नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात पंधरा मुली तयार करायच्या तर दुसरं काय करणार? पण त्यासाठी आजीची साडी कापू नका. निऱ्यांची पडण पाहायची तर लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात जा. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत तिथे. मी दर वेळी चेहऱ्यांआधी काठ बघते.

कासोटा खोचल्यावर लगेच दागिने घालू नका. आधी मांडी घालून बसा, उठा, जिन्याच्या चार पायऱ्या चढा-उतरा. गाठ सैल वाटली तर आत्ताच सोडून पुन्हा मारा, पिनांनी ती घट्ट होत नाही. साखरपुड्याला सूनबाईंच्या आईनं हौसेनं माझ्याकडून नऊवारी नेसून घेतली आणि आमचा जिना तीनदा चढून पाहिला. चौथ्यांदा चढल्या त्या नुसत्या मजेखातर.