'ॲसर्टेन' हे इंग्रजी क्रियापद कुठे आणि कसे वापरावे

'ॲसर्टेन' हे क्रियापद इंग्रजी वाचताना फारसे अडत नाही. लिहिताना मात्र अडते. शब्दकोशात त्याच्यापुढे 'खात्री करून घेणे' असा अर्थ दिलेला असतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो, कारण मराठीतील 'खात्री करणे' या प्रयोगात दोन वेगवेगळ्या क्रिया एकत्र नांदतात. 'दार बंद आहे याची खात्री करा' असे कोणी सांगितले, तर आपण जाऊन पाहतो आणि ते उघडे दिसले तर बंदही करून येतो. यातली पहिली क्रिया जाणून घेण्याची आहे आणि दुसरी घडवून आणण्याची. 'ॲसर्टेन' या क्रियापदाचा संबंध केवळ पहिलीशी आहे. दार उघडे होते की बंद, हे आपल्याला निश्चितपणे कळले की त्याचे काम संपते. दार बंद करण्यासाठी इंग्रजीत 'एन्शुअर' हे निराळे क्रियापद आहे. बोलण्यातले 'मेक शुअर' मात्र आपल्या 'खात्री करा'सारखेच दोन्हीकडे चालते आणि म्हणूनच या दोहोंतला फरक पुसट होतो.

लिहिताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या क्रियेनंतर बाहेरची परिस्थिती बदलणार आहे, की फक्त माझी माहिती बदलणार आहे? परिस्थिती बदलायची असेल, तर 'ॲसर्टेन' तिथे चुकीचे आहे. 'सर्व कर्मचाऱ्यांना वेळेवर वेतन मिळेल याची खात्री करावी' या वाक्याच्या भाषांतरात 'ॲसर्टेन' लिहिले, तर वाचणारा अधिकारी वेतन मिळते की नाही याची चौकशी करून स्वस्थ बसू शकेल, आणि शब्दांकडे पाहता त्याला दोष देता येणार नाही. शासकीय मराठीत अलीकडे 'सुनिश्चित करणे' हा प्रयोग रुळला आहे. तो 'एन्शुअर'च्या जवळचा आहे, 'ॲसर्टेन'च्या नव्हे.

या क्रियापदाचा दुसरा गुण असा की त्यात शोधाबरोबर शोधाचे फळही गृहीत असते. 'इन्व्हेस्टिगेट' म्हणजे तपास करणे, आणि तपास निष्फळ ठरला तरी तो तपासच असतो. 'ॲसर्टेन' केले असे मात्र उत्तर हाती लागल्यावरच म्हणता येते. त्यामुळे 'दे इन्व्हेस्टिगेटेड फॉर सिक्स मंथ्स बट कुड नॉट ॲसर्टेन द कॉज' हे वाक्य सुसंगत आहे: सहा महिने तपास केला, पण कारण निश्चित कळू शकले नाही. मराठीत हाच फरक 'शहानिशा करणे' आणि 'छडा लावणे' यांच्यात दिसतो. शहानिशा अर्धवट राहू शकते, छडा लागतो किंवा लागत नाही. फलप्राप्तीचा हा अर्थ अंगी असल्यामुळे चालू काळातले 'वी आर ॲसर्टेनिंग' हे रूप व्याकरणाने शुद्ध असूनही काहीसे अवघडलेले वाटते. शोध चालू आहे असे सांगायचे असेल, तर 'वी आर ट्राइंग टु ॲसर्टेन' असे लिहिणे अधिक स्वाभाविक ठरते. 'द कॉज इज बीइंग ॲसर्टेन्ड' हे वाक्य बातम्यांत पुष्कळदा दिसते. ते चूक नाही, पण त्याची पुन्हापुन्हा नक्कल करण्याचे कारणही नाही.

शिवाय ही क्रिया जाणीवपूर्वक केलेली असावी लागते. सहज कानावर आलेल्या गोष्टीला 'फाइंड आउट' चालते, कारण त्या शब्दाला योगायोग वर्ज्य नाही. शेजारच्या टेबलावरचे बोलणे ऐकून एखादी बदली कळली, तर आपण ती 'ॲसर्टेन' केलेली नसते; कार्यालयात विचारून, आदेश पाहून तीच गोष्ट पक्की केली, तर केलेली असते.

अर्थाची ही कडक शिस्त शब्दाच्या घडणीतूनच आली आहे. लॅटिनमध्ये 'चेर्नेरे' असे एक क्रियापद आहे. त्याचा मूळ अर्थ चाळणे, वेगळे काढणे, आणि त्यावरून निर्णय करणे. त्यापासून 'चेर्तुस' म्हणजे ठरलेले, पक्के हे विशेषण झाले, त्यातून इंग्रजीतले 'सर्टन' आले, आणि जुन्या फ्रेंचमार्गे 'ॲसर्टेन' इंग्रजीत पोहोचले. 'डिसर्न' हा शब्दही त्याच घराण्यातला. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये, कारण आपल्या 'छाननी'च्या पोटातही चाळण्याचीच क्रिया आहे: धान्यातले खडे बाजूला काढावेत तसे खोटे बाजूला काढायचे आणि जे उरेल ते खरे मानायचे.

मात्र सुरुवातीची काही शतके या क्रियापदाचा अर्थ आजच्यासारखा नव्हता. त्या काळी ते 'एखाद्याला खात्रीपूर्वक सांगणे' किंवा 'एखादी गोष्ट कायमची ठरवून टाकणे' या अर्थांनी वापरले जाई. जोनाथन स्विफ्ट यांनी 1712 मध्ये इंग्रजी भाषा सुधारण्याविषयी जो प्रस्ताव प्रसिद्ध केला, त्याच्या लांबलचक शीर्षकात 'ॲसर्टेनिंग' हा शब्द आहे, आणि तिथे त्याचा अर्थ भाषा जाणून घेणे असा नसून तिचे रूप निश्चित करून गोठवणे असा आहे. 'शोधून निश्चित करणे' हा आजचा अर्थ पुढे प्रबळ झाला. जुने इंग्रजी गद्य वाचताना हे ध्यानात ठेवले नाही, तर संपूर्ण वाक्याचा रोख उलटा लागतो.

तो जुना अर्थ कायद्याच्या भाषेने जपून ठेवला आहे, आणि भाषांतरकाराची खरी परीक्षा तिथेच होते. बांधकामाच्या करारांत 'लिक्विडेटेड ॲन्ड ॲसर्टेन्ड डॅमेजेस' असा एक शब्दसमूह येतो. काम वेळेत पूर्ण न झाल्यास द्यावयाच्या भरपाईचा दर करार करतानाच ठरवलेला असतो. येथे 'ॲसर्टेन्ड' म्हणजे पूर्वनिश्चित, तपासाअंती कळलेली नव्हे. इंग्लंडच्या 1893 आणि 1979 या दोन्ही वर्षांच्या मालविक्री कायद्यांतील कलम 16 मध्ये 'अनॲसर्टेन्ड गुड्स' ही संज्ञा आहे. गोदामातल्या हजार पोत्यांपैकी शंभर पोती विकत घेण्याचा करार झाला, पण ती शंभर कोणती हे वेगळे काढलेले नाही, तर तो माल 'अनॲसर्टेन्ड' असतो आणि कलमाच्या मूळ नियमाप्रमाणे तो निश्चित झाल्याखेरीज त्याची मालकी खरेदीदाराकडे जात नाही. याचे भाषांतर 'खात्री न केलेला माल' असे केले, तर वाचणाऱ्याला मालाच्या दर्जाविषयी शंका असल्यासारखे वाटेल. 'अनिश्चित माल' किंवा 'न नेमलेला माल' असे म्हणणे मुद्द्याला धरून आहे. गंमत अशी की पोती वेगळी काढण्याच्या या कृतीत लॅटिनमधला मूळचा 'वेगळे काढणे' हा अर्थ पुन्हा जिवंत होतो.

शवविच्छेदनाच्या अहवालात 'अनॲसर्टेन्ड' याच शब्दाचा अर्थ पुन्हा आजच्या वापराकडे वळतो. इंग्लंडमध्ये मृत्यूचे कारण म्हणून असे लिहिले जाते, तेव्हा कारण 'अज्ञात' आहे एवढेच सांगायचे नसते. तपासणी केली, तरीही कारण निश्चित करता आले नाही, असे सांगायचे असते. 'अज्ञात' लिहिले, तर केलेल्या तपासणीचा उल्लेखच गळून जातो.

आता वाक्यरचनेकडे वळू. हे क्रियापद सकर्मक आहे आणि त्याला कर्म थेट लागते. 'ॲसर्टेन अबाउट द फॅक्ट्स' हे चूक. 'ॲसर्टेन द फॅक्ट्स' हे बरोबर. मराठीत आपण तथ्यां'विषयी' किंवा घटने'बद्दल' खात्री करतो, म्हणून 'अबाउट' हे शब्दयोगी अव्यय हातातून निसटून उतरते. लिहून झाल्यावर ते शोधून खोडावे. माहिती कोणाकडून मिळाली हे सांगण्यासाठी 'फ्रॉम' आणि कोणत्या उपायाने मिळाली हे सांगण्यासाठी 'बाय' वापरतात.

कर्म म्हणून कोणते नाम येते, याला फार महत्त्व आहे. वस्तुस्थिती, कारण, ओळख, ठावठिकाणा, रक्कम, मूल्य, नुकसानीची व्याप्ती, एखाद्याची इच्छा किंवा मत, अशी ज्यांचे उत्तर काढता येते ती नामे इथे शोभतात. कायद्यातला जुना अर्थ सोडला, तर माणूस किंवा वस्तू थेट कर्म होऊ शकत नाही. 'द पोलीस ॲसर्टेन्ड द थीफ' हे वाक्य इंग्रजी कानाला खटकते. चोराची ओळख पटवली असेल, तर 'द आयडेन्टिटी ऑफ द थीफ' असे म्हणावे किंवा 'हू द थीफ वॉज' असे पोटवाक्य जोडावे. हरवलेल्या किल्ल्या सापडल्या तरी त्या 'ॲसर्टेन' होत नाहीत. त्या कुठे आहेत हे 'ॲसर्टेन' होते.

पोटवाक्य जोडताना 'वेदर' आणि 'दॅट' यांतला भेद सांभाळावा लागतो. 'शी ॲसर्टेन्ड वेदर द रिपोर्ट वॉज जेन्युइन' याचा अर्थ अहवाल खरा आहे की नाही हे तिने शोधून काढले. उत्तर काय निघाले, ते वाक्य सांगत नाही. 'शी ॲसर्टेन्ड दॅट द रिपोर्ट वॉज जेन्युइन' यात अहवाल खरा निघाला हे सांगितलेले आहे. म्हणजे 'वेदर' प्रश्न उघडा ठेवते आणि 'दॅट' निष्कर्ष देते. कोणाला तपासायला सांगायचे असेल, तर 'वेदर' वापरणेच योग्य, कारण 'प्लीज ॲसर्टेन दॅट द मशीन इज ऑफ' अशा सूचनेत उत्तर आधीच ठरवल्यासारखे होते आणि आपण पुन्हा 'एन्शुअर'च्या हद्दीत शिरतो. 'हू', 'व्हॉट', 'व्हाय', 'हाउ', 'व्हेअर' यांनी सुरू होणारी पोटवाक्ये निर्धास्तपणे जोडावीत. 'टु' लावलेले क्रियारूप मात्र त्याचे कर्म होत नाही.

कर्मणी प्रयोगाची या शब्दाला विशेष आवड आहे. 'सो फार ॲज कॅन बी ॲसर्टेन्ड' हा ठरीव शब्दसमूह अहवालांत सतत भेटतो; 'जेवढे निश्चित कळू शकले त्यावरून' हा त्याचा सरळ अर्थ. 'ॲसर्टेनेबल' हे विशेषण एरवी विरळ असले, तरी इंग्लंडच्या 1989 च्या बालकविषयक कायद्यात न्यायालयाने मुलाच्या 'ॲसर्टेनेबल' इच्छा आणि भावना विचारात घ्याव्यात असे म्हटले आहे. लहान मुलाची प्रत्येक इच्छा कळू शकत नाही, आणि जी कळू शकते तेवढीच विचारात घेता येते, ही मर्यादा त्या एका विशेषणाने सांभाळली आहे.

जवळच्या शब्दांपैकी 'व्हेरिफाय' आणि 'कन्फर्म' यांच्यात आधीपासून काहीतरी दावा किंवा माहिती हाती असते आणि ती पडताळायची असते. आपल्याकडचा 'पडताळणी' हा शब्द तिथे चपखल बसतो. 'ॲसर्टेन'ला असा पूर्वीचा दावा लागत नाही, कोऱ्या पाटीवरूनही सुरुवात करता येते. 'एस्टॅब्लिश' म्हणजे पुराव्याने इतरांपुढे सिद्ध करणे, तर 'ॲसर्टेन' स्वतःपुरतेही असू शकते. 'डिटर्मिन' शोधण्यालाही चालते आणि ठरवण्यालाही, म्हणून संदिग्धता नको असेल तिथे 'ॲसर्टेन' बरे. सर्वांत घातक गोंधळ 'ॲसर्ट' या शब्दाशी होतो, कारण तो दिसायला जवळचा आणि अर्थाने जवळजवळ विरुद्ध आहे: 'ॲसर्ट' म्हणजे ठासून सांगणे, आणि ठासून सांगायला काही तपासलेले असावे लागत नाही.

उच्चारात आघात शेवटच्या अवयवावर येतो आणि तो 'टेन' असा स्पष्ट होतो, 'मेन्टेन'सारखा. 'सर्टन' हा शब्द आत दडलेला असल्यामुळे अनेकजण शेवट तसाच पुसट करतात, ते टाळावे. लिहिताना मात्र त्याच 'सर्टन'चा आधार घ्यावा: आधी 'ए' आणि 'एस' ही दोन अक्षरे, आणि पुढे 'सर्टन'चे स्पेलिंग जसेच्या तसे. 'एस' दोनदा लिहिण्याची चूक 'ॲसर्ट'च्या प्रभावाने होते, कारण त्या शब्दात तो खरोखरच दोनदा येतो.

शेवटचा प्रश्न शैलीचा. अहवाल, न्यायनिर्णय, शोधनिबंध, औपचारिक पत्रव्यवहार या ठिकाणी हा शब्द घरचा आहे. मित्राला गाडी किती वाजता आहे हे विचारून घ्यायला सांगताना तो वापरला, तर थट्टाच वाटेल, तिथे 'फाइंड आउट' पुरे. औपचारिक मजकुरातही तो एका परिच्छेदात दोनदा आला, तर त्यातला एक बहुधा 'चेक' किंवा 'फाइंड आउट' असायला हवा होता. मराठीत उतरवतानाही याच पायरीने शब्द निवडावा: कार्यालयीन पत्रात 'खातरजमा करून घेणे', तपासाच्या बातमीत 'निश्चित कळणे' किंवा 'छडा लावणे', आणि साध्या बोलण्यात नुसते 'बघून सांगणे'.