सोसायटीच्या डीव्हीआरचा पासवर्ड आजच बदला

कोथरूड असो वा वाकड, सोसायटीत कॅमेरे बसले की डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याचा, पासवर्ड बहुधा कंपनीतून आलेलाच राहतो. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, नेमकं हेच हेरलं. नेहमीच्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून त्याने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्याच जोरावर ऑक्टोबरमध्ये साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडखळल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना बहुतेक पत्ताही नसेल!

म्हणून कमिटीने डीव्हीआर आणि राउटर, दोन्हींचे पासवर्ड बदलावेत, आणि ते वेगवेगळे हवेत. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडले तर लक्षातही राहतात. राउटरमधली यूपीएनपी नावाची सेटिंग बंद करा, कारण ती चालू असली की आतलं उपकरण तुम्हाला न विचारता बाहेरून यायची वाट उघडू शकतं. वाय-फाय कॅमेरे गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे राउटरवरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर, ठेवा, हिशेबाचा संगणक असलेल्या नेटवर्कवर नको. फर्मवेअरचं, म्हणजे उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आलं की टाकून घ्या.

आणि कृपा करून नवा पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. बंद पाकिटात अध्यक्ष आणि सचिवांकडे ठेवा. कमिटी बदलली की तोही बदला.